वीर्यदान आणि कुटुंबातील सत्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण. वक्त्या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ असून मंडळाच्या जुन्या सभासद आहेत.)



कार्यवाहांना विषय सांगितला तेव्हा दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. ते स्वाभाविकच होते. या सभागृहाने कीर्तने ऐकली, नाट्यप्रयोग पाहिले, निवडणुकीचे वादही सोसले; परंतु वीर्यदान हा शब्द या व्यासपीठावरून बहुधा आज प्रथमच उच्चारला जात असेल. तथापि ज्या घरांत हा प्रश्न आहे ती घरे आपल्यातलीच आहेत. आपल्या मौनामुळे त्या घरांचे जे नुकसान झाले, त्यात माझाही वाटा आहे. म्हणूनच हा विषय मी घेतला.

पतीच्या ठायी दोष असल्याने अपत्य होत नसेल, तर दुसऱ्या पुरुषाच्या वीर्याने पत्नीस गर्भधारणा करविणे, ही गोष्ट वैद्यकास नवीन नाही. 1884 साली फिलाडेल्फिया येथे पॅनकोस्ट नावाच्या डॉक्टरांनी एका व्यापाऱ्याच्या पत्नीस भूल देऊन, एका वैद्यकीय विद्यार्थ्याचे वीर्य वापरून असा प्रयोग केला. पत्नीला विचारले नाही आणि नंतर सांगितलेही नाही. पतीला मागाहून सांगितले, तेव्हा पत्नीला कळू नये एवढीच त्याने विनंती केली. ही हकीकत 1909 मध्ये छापून आली. या शास्त्राचा जन्मच असा गुप्ततेच्या पोटी झाला.

आपल्या परंपरेत मात्र निराळेच चित्र दिसते. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला तेव्हा सत्यवतीने व्यासांना पाचारण केले आणि धृतराष्ट्र व पंडू जन्मास आले. धर्मशास्त्राने अशा पुत्रास 'क्षेत्रज' हे नाव देऊन पुत्रांच्या गणनेत स्थान दिले. पुढे नियोग निंद्य ठरला, कलिवर्ज्यात गेला, हेही खरे. आणि अंबिकेने भयाने डोळे मिटले ही गोष्ट त्या स्त्रियांच्या संमतीविषयी पुरेसे सांगून जाते. त्या प्रथेचे गोडवे मी गाणार नाही. परंतु व्यास कोण, हे हस्तिनापुरात कोणापासून लपलेले नव्हते. त्याच महाभारतात कर्णाचा जन्म लपविला गेला, आणि तो आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला युद्ध संपल्यावर कळले. जन्म कसा झाला यापेक्षा तो लपविला गेला की नाही, यावर किती अवलंबून असते, हे व्यासांनी आपल्याला दाखवूनच ठेवले आहे.

आता माझ्या कबुलीकडे वळते. माझ्या व्यवसायाच्या काळात अशा उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येक दांपत्याला मी एकच सल्ला देत असे: "घरी जा, आनंदाने राहा, आणि हे कोणालाही सांगू नका. मुलाला तर मुळीच नाही." त्या काळी बहुतेक डॉक्टर हेच सांगत. त्यात दुष्टावा नव्हता. पतीची मानहानी होऊ नये, सासरी सुनेला बोल लागू नये, मुलाला कोणी उणे बोलू नये, असाच हेतू होता.

अशाच एका दांपत्याला मुलगा झाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. सुमारे तीस वर्षांनी वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मुलगा आपण होऊन पुढे आला: "बाबांना माझे मूत्रपिंड द्या." प्रत्यारोपणापूर्वी ऊतींची तपासणी करतात. पिता आणि पुत्र यांच्यात निम्मे साम्य असावेच लागते, ते नव्हते. अहवाल हाती पडल्यावर त्याला सत्य कळले, तेही रुग्णालयाच्या व्हरांड्यात. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडे आली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "डॉक्टरबाई, तुम्हीच सांगितलं होतंत ना, मुलाला मुळीच सांगू नका म्हणून?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे तो मुलगाही भेटला. तो म्हणाला, "बाबा माझे नाहीत, असं मला क्षणभरही वाटलं नाही. पण मी कोणासारखा दिसतो असं पाहुण्यांनी विचारलं, की आई विषय बदलायची आणि बाबा उठून आत जायचे. माझ्यातच काही खोट आहे असं मी लहानपणापासून समजत आलो." त्याने मूत्रपिंड देण्याचा आग्रह सोडला नाही; वडिलांनी मात्र ते घेतले नाही. ते डायलिसिसवर दोन वर्षे जगले. त्यांना आठवड्यातून दोनदा घेऊन जाणारा तो मुलगाच होता. पितृत्व कशाला म्हणावे, हे मी त्या दोघांकडून शिकले.

तेव्हा वीर्यदान नीतिबाह्य आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. पती-पत्नी दोघांची समजून-उमजून संमती असेल, दात्याची नीट तपासणी झाली असेल, तर त्यात पाप कोणते? प्रश्न उरतो तो चौथ्या व्यक्तीचा. तिची संमती कोणी घेत नाही, कारण ती अजून जन्मलेली नसते.

आपल्या देशात 2021 साली सहाय्यित जननतंत्राच्या नियमनाचा कायदा झाला आणि जानेवारी 2022 पासून तो अमलात आला. दाता 21 ते 55 वर्षांचा असावा, त्याच्या रोगांची तपासणी व्हावी, एका दात्याचे वीर्य एकाहून अधिक दांपत्यांस देऊ नये, अशी बंधने त्यात आहेत. जन्मलेले मूल त्या दांपत्याचेच मानले जाते, त्याला सर्व हक्क मिळतात. दात्याचा मुलावर हक्क राहत नाही. वारसाहक्काची भीती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दात्यांच्या संख्येवरील बंधन किती शहाणपणाचे आहे, हे परदेशांकडे पाहिले म्हणजे कळते. नेदरलँड्समध्ये 2023 साली न्यायालयाला एका दात्यास पुढील दानापासून रोखावे लागले; त्याची अपत्ये सुमारे साडेपाचशे असावीत असा अंदाज होता. 2025 मध्ये युरोपात उघड झाले, की एका दात्याच्या वीर्यातून कर्करोगाची शक्यता वाढविणारा जनुकदोष अनेक देशांतील मुलांत उतरला. दात्याला स्वतःलाही त्याची कल्पना नव्हती.

परंतु मुलाला दात्याची ओळख मागण्याचा हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. स्वीडनने तो 1985 पासून दिला; ब्रिटनने एप्रिल 2005 नंतरच्या दात्यांसाठी गुप्तता रद्द केली आणि मूल 18 वर्षांचे झाल्यावर त्याला नाव विचारता येते. असे केल्याने दाते कमी होतील, हा आक्षेप मी खोटा मानत नाही. तरीही दाते कमी मिळाले तर चालेल, पण मुलाचा प्रश्न कायमचा बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे मत झाले आहे.

आपण परमुलखात येऊन राहिलेली माणसे. या मंडळात नवा माणूस आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "आपले मूळ गाव कोणते?" ज्या गावी आपण तीन पिढ्यांत पाऊल टाकले नाही, त्याचे नाव आपण अभिमानाने सांगतो. तेथे राहायला जाण्याची इच्छा नसते. केवळ ठाऊक असावे एवढेच. दात्याविषयी विचारणाऱ्या मुलाची जिज्ञासा बहुधा याहून निराळी नसते. त्याला दुसरा बाप नको असतो.

मग पालकांनी काय करावे? केंब्रिज विद्यापीठात सुझन गोलोम्बॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा वीस वर्षे मागोवा घेतला. रक्ताचे नाते नाही म्हणून ही मुले मनाने खचत नाहीत, आणि ज्यांना सातव्या वर्षाच्या आत सांगितले गेले त्यांचे आईशी नाते अधिक चांगले राहते, असे त्यांना आढळले. म्हणून लहानपणीच, गोष्ट सांगावी तसे सांगावे: "तू आम्हांला हवा होतास. बाबांच्या शरीरात बीज नव्हते, एका भल्या माणसाने ते दिले." मुलाला सांगणे म्हणजे गावभर सांगणे नव्हे. शेजाऱ्यांना जाणून घेण्याचा अधिकार नाही; मुलाला आहे. आणि ते सांगताना वडिलांनी शेजारी बसावे, उठून आत जाऊ नये.

आपणांकडे, म्हणजे आजी-आजोबा, काका, मावशी होऊन बसलेल्या आम्हां मंडळींकडे, माझे एकच मागणे आहे. लग्नाला दोन वर्षे झाली की "काही बातमी?" असे विचारणे आपण थांबवावे. बाळ पाहायला गेलो की नाक कोणाचे, डोळे कोणाचे, ही चिकित्सा आवरावी. ज्या घरात सत्य सांगण्याची भीती वाटते, ती भीती पुष्कळदा आपणच तेथे नेऊन ठेवलेली असते.

त्या माउलीला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही. माझा सल्ला चुकीचा होता, हे उत्तर उशिरा का होईना, आज आपणां सर्वांच्या साक्षीने देत आहे.