माहितीविषयीची माहिती



बँकेतील आम्ही काही कर्मचारी अलीकडे एका कार्यशाळेस गेलो होतो. विषय होता मजकुराची मांडणी आणि मेटाडेटा. मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. शब्द नवा, पण काम जुनेच. ग्रंथालयातील तालिकेचे कार्ड आठवा. पुस्तकाचे नाव, लेखक, विषय त्यावर असतो. कार्ड हरवले की पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच!

संगणकावर हीच अडचण फार मोठी झाली. म्हणून मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्यातून 'डब्लिन कोअर' ही पद्धत निघाली. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क अशा एकूण १५ बाबी तीत आहेत.

ही नोंद सर्वांनी सारखीच वाचली पाहिजे. ३-४-९५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. म्हणून १९९५-०४-०३ असा वर्ष, महिना, दिवस हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविला आहे.

दुसरे असे शिकलो, की मजकुराचे भाग पाडून प्रत्येक भागाला नाव द्यावे. मग एकदा केलेली नोंद पासबुकात, खातेउताऱ्यात आणि मोबाईलच्या संदेशातही कामी येते.

याचे मोल आम्हांला काउंटरवर रोज कळते. दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. ती बुडत नाही. वारसाला मागता येते. २०२३ पासून 'उद्गम' पोर्टलवर शोधताही येते. पण शोध घेताना नाव द्यावेच लागते! खात्याला नामनिर्देशन नाही, नावाचे स्पेलिंग पासबुकात एक व रेशनकार्डावर दुसरे, अशा वेळी विधवा माउलीला किती खेपा घालाव्या लागतात! पैसा तिचा, पण नोंद तिच्या बाजूने बोलत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, दाखला, आधारकार्ड व खाते यांवरील आपले नाव आजच ताडून पाहा. घरातील प्रत्येक खात्याला नामनिर्देशन आहे का, ते विचारा. आणि सभासदांनो, कपाटातील जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहून ठेवा. ते चेहरे ओळखणारी वडीलधारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.