कर्करोग बरा झाल्यानंतर

(प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु ते बहुधा रोग ओळखावा कसा, येथपर्यंतच. चेहऱ्यावरील वा डोळ्याजवळील कर्करोगातून बरा झालेला रुग्ण बांबोळीहून वा मुंबईहून गावी परततो, त्यानंतरच्या दिवसांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग प्रायः पाच वर्षांखालील बालकांना होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसताच उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात. मात्र रोग वाढलेला असल्यास डोळा काढावा लागतो. प्रौढांत पापणीचा कर्करोग कधी कधी साध्या रांजणवाडीसारखा दिसतो व त्याच जागी पुन्हा उद्भवतो.

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः सहा आठवड्यांनी अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम डोळा बसविता येतो. मूल वाढते तसा तो बदलावा लागतो, हे अनेक पालकांच्या ध्यानी येत नाही. आरंभी अंतराचा अंदाज चुकतो. पाणी पेल्याबाहेर सांडते, पायरी हुकते, चेंडू निसटतो. काही महिन्यांत सवय होते. डावा डोळा गमावलेल्या मुलास, फळ्याकडे तोंड केले असता वर्गाच्या डाव्या टोकास बसवावे, म्हणजे फळा व सोबती दोन्ही चांगल्या डोळ्याच्या बाजूस येतात. उरलेल्या डोळ्याच्या रक्षणासाठी, नंबर नसला तरी, न फुटणाऱ्या भिंगांचा चष्मा द्यावा. पण खेळातून वगळू नये.

याहून कठीण गोष्ट आपल्या वागण्याची आहे. 'काणा' म्हणून हाक मारणे, तो समोर आला म्हणून घरातून निघालेले पाऊल मागे घेणे, मंगलकार्यात त्याला दूर बसविणे, हे आपल्या डोळ्यांदेखत घडते. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, तरी काही घरांत ताटवाटी वेगळी ठेवतात. सुशिक्षितांच्या घरीही! खोबणीतील सर्व भाग काढावा लागलेले काही रुग्ण चष्म्याला जोडलेला सिलिकॉनचा कृत्रिम भाग वापरतात. काहींना साधी पट्टीच बरी वाटते. ती निवड त्यांची. बोलताना त्यांच्या चांगल्या डोळ्याकडे पाहावे. चुकविलेली नजर त्यांना तत्काळ कळते.

किरणोपचारानंतर डोळा कोरडा पडतो, त्यासाठी थेंब चालू ठेवावे लागतात. पुढील तपासणीच्या तारखा चुकू नयेत, याकडे पंचायतीने लक्ष द्यावे. रेटिनोब्लास्टोमा झालेल्या बालकाच्या लहान भावंडांचे डोळेही नेत्रतज्ज्ञास अवश्य दाखवावेत.