गुंगीचे इंजेक्शन आणि आकसलेली झडप

शस्त्रक्रियेआधी भूल देणे हे माझे काम. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू बाई बाळंतपणाला येते, धाप लागते म्हणते. घरचे सांगतात, "अशक्तपणा आहे." पुष्कळदा तो असतोही, मेळघाटात अंगात रक्त कमीच. पण लहानपणी घसा सुजून, सांधे दुखून रूमॅटिक ताप येऊन गेला असेल, तर हृदयाची मायट्रल झडप आकसलेली असू शकते. अशा बाईला पाठीतले इंजेक्शन नेहमीच्या मात्रेत दिले, तर रक्तदाब एकदम कोसळतो, आणि अरुंद झडपेतून हृदयाला जादा रक्त पुढे ढकलता येत नाही. झोपेचे औषध जास्त झाले की श्वास मंदावतो. अजिबात दिले नाही आणि भीतीने नाडी धावली, तर फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून द्यायचे, पण थोडेथोडे, नाडीवर डोळा ठेवून.

त्यासाठी आधी इको हवा. मग अमरावती नाहीतर अकोला गाठा. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेही घाटातून! आपल्या देणगीतले गाडीभाडे इथे कामी येते. दर २१ दिवसांनी पेनिसिलिन घेणाऱ्या मुलींना त्यांचे कार्ड जपायला सांगा. लग्न होऊन गाव बदलले तरी ते सोबत हवे. कार्ड दिसले की मी सुईआधी स्टेथोस्कोप हातात घेते.