संशोधनाचा पैसा आणि रुग्णाचा हक्क



धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व त्याचे रुग्णालय अनेक दशके चालू आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र अगदी अलीकडे आले. जिल्ह्यातील शेतमजूर आता या दोन्ही दारांशी उभा राहतो. वैद्यकपद्धतींच्या वादाशी त्याला कर्तव्य नाही. हाती पडलेले औषध गुण देणार की नाही, एवढाच त्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधणे हे शासनाचे काम आहे.

जुन्या पाठातील काढ्याचे पेटंट मिळत नाही. म्हणून त्याच्या चाचणीवर भांडवलदार पैसा घालत नाही. उलट, शास्त्रग्रंथांतील पाठानुसार केलेल्या औषधाला परवान्यासाठी गुणकारितेचा नवा पुरावा द्यावा लागत नाही. विक्री खाजगी आणि शंका सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे. म्हणूनच संशोधनाला सरकारी पैसा हवा. १९६९ साली त्यासाठी केंद्रीय परिषद स्थापन झाली, २०१४ साली स्वतंत्र आयुष मंत्रालयही आले. आता प्रश्न आहे तो कसोटीचा.

ही कसोटी अशक्य नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि जगाने तो मानला. भगंदरावरील क्षारसूत्राची तुलना भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने शस्त्रक्रियेशी केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : क्षारसूत्राने जखम भरण्यास अधिक काळ लागतो, पण रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११, तर क्षारसूत्रानंतर शेकडा ४. लाभाबरोबर उणीवही सांगितली, म्हणूनच हा निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो.

धाराशिवच्या दोन्ही महाविद्यालयांनी अशा चाचण्या संयुक्तपणे कराव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. चाचणीची आगाऊ नोंद व्हावी, रुग्णाची संमती त्याला समजेल अशा मराठीत घ्यावी आणि अपयशही प्रसिद्ध व्हावे. मात्र संशोधनाच्या नावाखाली सर्पदंशावरील प्रतिविष किंवा क्षयाची औषधे यांत कपात होता कामा नये.

परंपरेची सरसकट थट्टा सोपी, सरसकट जयजयकारही सोपा. दोहोंची किंमत अखेर गरीब रुग्णच मोजतो. श्रीमंताला ज्या कसोटीचे औषध मिळते, त्याच कसोटीचे औषध गरिबालाही मिळाले पाहिजे. समतेचा हा अर्थ दवाखान्याच्या दाराशी थांबत नाही.