बाटलीतले बळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत येलहंका येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर बोलणारे विद्वान आपल्याला लाभले, तीत ‘डिझेलमध्ये घालावयाची औषधे’ असा विषय घेऊन मी उभा राहावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. मी बी. ए. झालो तो इतिहास घेऊन. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वाहनांच्या नोंदवह्या तपासण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते, एवढाच काय तो माझा आणि इंजिनाचा संबंध. तरीही हा विषय मी निवडला, याची कारणे दोन. आपल्या मंडळातील काही कुटुंबांचा चरितार्थ आज टेम्पोच्या चाकांवर चालतो, हे एक. दुसरे असे की, या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि तिची कबुली देण्यास यापेक्षा घरचे व्यासपीठ मला मिळणार नाही.

डिझेल इंजिन आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात ऑईल इंजिनांचा कारखाना उभा केला आणि त्याच वर्षी बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी निघाली. आपल्या विहिरींवर टुकटुकणारे इंजिन ज्यांनी लहानपणी ऐकले, त्यांना वेगळे सांगावयास नको. ‘टेम्पो’ हे नाव मुळात जर्मनीतील एका कंपनीच्या गाडीचे. पुण्याच्या बजाज टेम्पोमुळे ते आपल्याकडे आले आणि मालाची कोणतीही लहान गाडी म्हणजे टेम्पो असे मराठीत होऊन बसले. पुढे १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली ‘एस’ आली. हजारो तरुणांनी नोकरीची वाट न पाहता या गाड्यांवर स्वतःचा संसार उभारला.

त्यांपैकीच एक माझा भाचा. चार वर्षांपूर्वी त्याने बँकेचे कर्ज काढून एक जुना पिकअप घेतला आणि चिक्कबळ्ळापूरकडची भाजी आणि द्राक्षे बंगळूरच्या बाजारात पोचविण्याचा धंदा सुरू केला. सहा महिन्यांनी तो घरी येऊन म्हणाला, “मामा, गाडी दमते. नंदीच्या बाजूचा चढ लागला की दुसरा गिअर टाकावा लागतो. धूरही काळा येतो.” मी सरकारी अधिकारी. तेव्हा मला सर्व विषयांत मत असणे क्रमप्राप्तच! आमच्या कार्यालयातील गाड्यांत मागे एकदा डिझेलचे औषध घातले होते आणि त्यानंतर नोंदवहीत सरासरी थोडी सुधारलेली मी स्वतः पाहिली होती. मी त्याला त्या प्रकारची बाटली घेण्यास सांगितले. मामांनी सांगितले म्हटल्यावर त्याने पुन्हा विचारलेही नाही.

आता त्या बाटलीत असते काय आणि ते करते काय, हे आधी पाहू.

रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविले. त्याची खुबी अशी की, त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापते, आणि त्या तप्त हवेत तेलाचा अत्यंत बारीक फवारा सोडावयाचा. तेल आपोआप पेटते. फवारा सोडल्यापासून तेल पेटेपर्यंत जो क्षणार्ध जातो, तो जितका कमी तितके इंजिन सुरळीत चालते. हा गुण ज्या आकड्याने मोजतात त्याला सीटेन अंक म्हणतात. आपल्याकडील आजच्या डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो.

बाजारातील औषधांचे मुख्य प्रकार तीन-चारच आहेत. पहिला सीटेन अंक वाढविणारा. त्याने अंक काहीसा वर सरकतो, थंडीत गाडी लवकर सुरू होते, आवाज कमी होतो. दुसरा प्रकार साफ करणारा. फवाऱ्याच्या नोझलवर बसलेली काजळी तो हळूहळू काढतो. हे काम दोन-चार टाक्या डिझेल जळेपर्यंत चालते. आणि काजळी मुळातच नसेल तर काढावयाचे काहीच राहत नाही. तिसरा प्रकार वंगणाचा आणि चौथा टाकीत साचलेले पाणी अथवा त्या पाण्यावर वाढणारे जंतू यांच्यासाठी. म्हणजे ही सर्व द्रव्ये थोतांड आहेत असे मुळीच नव्हे. उलट, तेलशुद्धीकरण कारखाने स्वतःच ती वापरतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहा हजार भागांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे भारत स्टेज सहा डिझेल आले, त्यात ही मर्यादा अवघी दहा भाग आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत तेलाचा अंगचा ओशटपणाही कमी होतो, म्हणून वंगणद्रव्य कारखान्यातच मिसळावे लागते. सारांश, चांगल्या पंपावरचे डिझेल आपल्या टाकीत येते ते आवश्यक ते औषध घेऊनच येते.

प्रश्न येतो तो बाटलीवर छापलेल्या ‘अधिक शक्ती, अधिक मायलेज’ या वचनाचा. येथे इंजिनिअर असण्याची गरज नाही, त्रैराशिक पुरे. शंभर मिलिलिटर औषध पन्नास लिटर डिझेलमध्ये घातले, तर प्रमाण झाले पाचशेस एक. औषधात डिझेलच्या दुप्पट उष्णता आहे असे घटकाभर मानले, तरी एकूण शक्तीत भर पडेल ती हजारात दोन भागांची. तेव्हा औषध बळ देत नाही. हरवलेले बळ परत मिळण्यास, तेही ठरावीक कारणानेच हरवले असेल तर, ते साहाय्य करते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभरावर साधने आणि द्रव्ये तपासली. त्यांतून लक्षणीय बचत करणारे असे काही हाती लागले नाही. आणि आपल्या शेजारच्या तामिळनाडूत १९९६ साली काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. वनस्पतींच्या योगाने पाण्याचे पेट्रोल करतो असे सांगणाऱ्या रामर पिळ्ळैने भल्याभल्यांना मोहात पाडले. पुढे २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली.

मग आमच्या नोंदवहीत सरासरी सुधारली ती कशाने? ही शंका मला फार उशिरा आली. जुनी वही काढून पाहिली, तेव्हा दिसले की, औषध घातले त्याच आठवड्यात त्या गाड्यांचे एअर फिल्टर बदलले होते आणि टायरही नवे बसविले होते. दोन गोष्टी एकदम केल्या आणि श्रेय दिले तिसऱ्याच ओळीत लिहिलेल्या बाटलीला! इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी ‘हे त्यानंतर झाले म्हणून त्यामुळे झाले’ अशी चूक करावयास नको होती.

या अवधीत भाच्याचे काय चालले होते ते मला ठाऊक नव्हते. पहिल्या बाटलीनंतर गाडी बरी वाटली. नवे औषध घातले म्हणून तो बेताने चालवीत होता, यापलीकडे त्यात काही नसावे. मग आठवड्याला एक बाटली असा परिपाठ पडला. हप्ता, भाडे, घरखर्च यांत बाटलीचा पैसा बसेना, म्हणून रस्त्याकडेला पिंपातून सुटे डिझेल लिटरमागे काही रुपये स्वस्त मिळत असे ते तो घेऊ लागला. बाटलीचा खर्च तेथे भरून निघे आणि डिझेल कसेही असले तरी बाटली सांभाळून घेईल, अशी त्याची समजूत. अखेर एका पहाटे द्राक्षांचे क्रेट भरलेली गाडी चढावरच बंद पडली. माल गेला आणि गिऱ्हाईकही तुटले.

येलहंक्यातील एका वृद्ध फिटरने गाडी उघडली. डिझेल फिल्टरमध्ये पाणी, एअर फिल्टर धुळीने गच्च, टर्बोच्या रबरी नळीला चीर, पंप आणि नोझल झिजलेले. सुटे डिझेल त्याने बोटांत चोळून पाहिले, वास घेतला आणि म्हणाला, “हे निम्मे रॉकेल आहे.” मी बाटल्यांचा विषय काढला, तेव्हा तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. एवढेच म्हणाला, “साहेब, पोट बिघडलेल्या माणसाला भूक लागत नाही म्हणून लोणचे किती वाढाल? आधी पोट तपासा.”

रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि कोरडे. आजच्या गाडीत डिझेलचा पंप आणि नोझल यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि तेलावर दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींहूनही अधिक. तेथे कोरडे तेल गेले की धातूवर धातू घासतो. दुरुस्तीचा खर्च भाच्याच्या चार महिन्यांच्या हप्त्यांएवढा आला. ताईने अंगावरचे थोडे सोने गहाण ठेवले. मला मात्र ती एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

मंडळी, भेसळ हा शब्द आपण सहज उच्चारतो. तिच्यापायी किती मोल द्यावे लागले आहे, याची आठवण या प्रसंगी ठेवावी असे मला वाटते. इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम हे येथून जवळच्या कोलार गोल्ड फील्ड्सचे. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात त्यांनी भेसळीचा पंप बंद केला, आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ तेलाच्या चोरीचा आणि भेसळीचा धंदा उघडकीस आणीत असताना जिवंत जाळण्यात आले. एक कन्नडभूमीचा पुत्र, दुसरा महाराष्ट्राचा सेवक. मीही सरकारचे मीठ खाल्लेला माणूस आहे. माझ्या सल्ल्याच्या बाटलीसाठी पैसा वाचवावा म्हणून माझा भाचा ज्या पिंपापाशी उभा राहिला, त्या पिंपामागे हाच धंदा असतो, हे ज्या दिवशी उमगले, त्या रात्री मला झोप आली नाही.

मग गाडी उचलत नसेल तर करावे काय? मला कळले तेवढे सांगतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. येथे हवा विरळ, म्हणून टर्बो नसलेले इंजिन कोकणात ओढते त्यापेक्षा शेकडा दहाच्या आसपास कमीच ओढणार. तो दोष डिझेलचा नव्हे. टर्बो असल्यास ही उणीव बहुतांशी भरून निघते, मात्र त्याच्या नळ्या शाबूत हव्यात. दुसरे, काळा धूर म्हणजे बहुधा हवा कमी पडते. तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा. तिसरे, डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी नियमाने काढावे, पावसाळ्यात अधिक वेळा. चौथे, टायरमधील हवा आणि लादलेले वजन तपासावे. पाचवे, डिझेल पंपावरचेच घ्यावे. संशय आल्यास घनता मोजून दाखविण्यास आणि पाच लिटरच्या मापाने माप तपासून देण्यास सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मागावयास संकोच वाटू देऊ नये. एवढे करूनही फिटर म्हणाला की नोझलवर काजळी आहे, तर साफ करणारे औषध अवश्य घालावे; पण गाडीच्या कंपनीने मान्य केलेले, सांगितलेल्या मापाने, आणि त्या वेळी दुसरे काही न बदलता. म्हणजे गुण कशाचा ते कळेल.

येथील रस्त्याकडेला ज्या झाडांना कानडीत होंगे म्हणतात, ते आपले करंज. त्याचे तेल घालावे का, असेही मला विचारतात. भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी या तेलावर खेड्यांतील डिझेल इंजिने चालवून दाखविली आहेत, आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले होते. पण विहिरीवरच्या संथ इंजिनाला जे मानवते, ते आजच्या पिकअपच्या नोझलला मानवत नाही. कच्चे तेल दाट असते, चिकटते. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून बायोडिझेल केले, तरच ते ठरलेल्या प्रमाणात डिझेलमध्ये मिसळता येते. घाण्यावरून आणलेले तेल टाकीत ओतू नये.

भाच्याची गाडी आज धावते आहे. तिच्यात एक छोटी वही आहे. किती डिझेल, कोठले, किती किलोमीटर, फिल्टर कधी बदलला, हे तो रोज लिहितो. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही घेऊन तो माझ्याकडे येतो. मी ती वाचतो. मात्र आता सल्ला देण्यापूर्वी फिटरला विचारतो.

आपण सारे गावापासून दूर आलेले लोक. येथे नवा आलेला मुलगा काका-मामांच्या शब्दावर विश्वासतो, कारण त्याला दुसरे कोण आहे? त्या विश्वासामुळे आपल्या तोंडच्या शब्दाला वजन येते. म्हणून तो शब्द बाहेर पडण्यापूर्वी तपासून पाहण्याची जबाबदारी आपली आहे. गेली पन्नास वर्षे या मंडळाने परस्परांना आधार दिला; पुढच्या पन्नास वर्षांत तो आधार जाणतेपणाचाही असावा, एवढीच प्रार्थना करतो.