पहिलें आसन कोणाचें?



कॅनडामधील टोरोंटो शहरीं बर्फावरील हॉकीचें एक कीर्तिमंदिर आहे. त्याच्या मानकऱ्यांची पहिली यादी १९४५ सालीं झाली, आणि तींत जॉर्ज व्हेझिना या गोलरक्षकाचें नांव होतें. पुढें कोणत्या गोलरक्षकास तेथें जागा द्यावी, याविषयीं तिकडे मोठ्या हिरिरीनें वाद होतात. आपल्या मैदानी हॉकीसाठीं असें मंदिर उभारावयाचें म्हटलें, तर गोलरक्षकांपैकीं पहिलें आसन कोणास द्यावें, या प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

ध्यानचंदांचें नांव शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. गोल करणारा लोकांच्या लक्षांत राहतो. परंतु ज्यानें गोल होऊं दिला नाहीं, त्याची आठवण कोण ठेवणार?

पहिले उमेदवार रिचर्ड ॲलन. यांचा जन्म १९०२ सालीं नागपुरास झाला. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकांत भारतानें पांच सामन्यांत २९ गोल केले, व ॲलन यांच्यावर एकही झाला नाहीं. १९३२ व १९३६ धरून तीन ऑलिंपिकांत त्यांच्यावर झालेले गोल अवघे दोन! आंकडे पाहूनच निकाल द्यावयाचा, तर वाद येथेंच मिटला.

पण मीं आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले आहेत. प्रश्न किती कठीण होते हें पाहिल्यावांचून गुणांस अर्थ नसतो. ध्यानचंदांसारखे आघाडीवीर असतां चेंडू बहुतेक वेळ दुसऱ्याच टोकास असे. १९३२ सालीं अमेरिकेविरुद्ध २४-१ असा निकाल लागला. तो एक गोल झाला तेव्हां ॲलन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांना किती थोडें काम पडत असे, तें तिच्यावरून कळतें.

याच्या अगदीं उलट पी. आर. श्रीजेश यांचें. टोकियो ऑलिंपिक २०२१ सालीं झालें, तेव्हां कांस्यपदकाच्या सामन्यांत जर्मनीनें त्यांच्यावर चार गोल केले. आंकड्यांच्या हिशेबीं ते नापासच! पण भारत ५-४ असा पुढें असतां शेवटच्या क्षणीं जर्मनीस मिळालेला पेनल्टी कॉर्नर त्यांनीं अडविला, आणि ४१ वर्षांनीं आपल्या पदरीं ऑलिंपिक हॉकीचें पदक पडलें.

आतां शंकर लक्ष्मण. महूचे राहणारे, लष्करांत बॅंडवाले म्हणून शिरले व मराठा लाइट इन्फन्ट्रींत त्यांनीं नोकरी केली. १९५६, १९६० व १९६४ या तिन्ही ऑलिंपिकांच्या अंतिम सामन्यांत समोर पाकिस्तान. निकाल अनुक्रमें १-०, ०-१ आणि १-०. त्या काळीं गोलरक्षकाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. तोडीस तोड प्रतिस्पर्धी असतां तीन अंतिम सामन्यांत त्यांच्यावर झाला एकच गोल! कोणी म्हणेल, १९६० चें सुवर्णपदक गेलें. खरें, पण त्या दिवशीं आपल्या आघाडीनें एकही गोल केला नाहीं, त्याचा दोष गोलरक्षकास कसा द्यावा? १९६६ सालीं बॅंकॉकच्या आशियाई सामन्यांत त्यांच्याच नेतृत्वाखालीं आपण सुवर्णपदक जिंकलें.

मंदिरांत जागा तिघांसही द्यावी. परंतु पहिलें आसन माझ्या मतें शंकर लक्ष्मण यांचें. ॲलन यांची कसोटी फारशी लागली नाहीं. श्रीजेश यांची लागली, आणि २०२४ सालीं ते निवृत्त होतांच हॉकी इंडियानें त्यांचा १६ क्रमांक राखून ठेवला. शंकर लक्ष्मण यांस अर्जुन पुरस्कार व पद्मश्री मिळाली. तरी २००६ सालीं महू येथें पायाच्या गँग्रीननें ते वारले, तेव्हां घरीं ओढगस्तच होती.

म्हणून मंदिर बांधणारांस एकच विनंती. भिंतीवर नांवें अवश्य कोरावीं. पण त्यांपैकीं जे हयात असतील, त्यांच्या म्हातारपणाची विचारपूसही त्याच यादीवरून व्हावी.