गोळ्या चालूं असतां काय पाहावें?
(गांवच्या चावडीवर एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज बोलणें आहे तें महारोगाविषयीं. दवाखान्यांत त्याला कुष्ठरोग म्हणतात. हें मागल्या जन्मींचें पाप नव्हे. हा जंतूचा रोग आहे. तो जंतु नॉर्वे देशांत हान्सेन नांवाच्या डॉक्टरानें १८७३ सालीं शोधला. त्यावरचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. पांचपर्यंत डाग असले तर बहुधा सहा महिने, अधिक असले तर बारा महिने तें घ्यावें लागतें.

पण गुण येतो आहे हें ओळखावें कसें? आपण डागाकडे पाहतों, आणि येथेंच फसतों. डाग सावकाश फिका होतो. कित्येकांचा तर गोळ्या संपल्यावरहि राहतो. लघवी तांबडी होते, कातडी काळवंडते; तो औषधाचा रंग, पुढें निवळतो.

खरी परीक्षा नसांची. दर महिन्यास पाकीट आणावयास जाल तेव्हां ती करून घ्या. डोळे घट्ट मिटतात काय? करंगळी बाजूस ताणून धरतां येते काय? अंगठा, मनगट, पाऊल जोर लावून वर उचलतें काय? डोळे मिटून बसल्यावर तळहातातळपायांस पेनाचें टोक लागलेलें कळतें काय? हें लिहून ठेवावें व मागल्या महिन्याशीं ताडून पाहावें.

आतां माझी चूक सांगतों. आमच्या गांवच्या एका कुंभाराचा डाग चौथ्या महिन्यांत एकाएकीं लाल होऊन सुजला, कोपरापाशीं नस ठणकूं लागली. तो म्हणाला, "मास्तर, औषध बाधलं." मीं म्हटलें, "चार दिवस गोळ्या थांबवून पाहा." चार दिवसांचे चार महिने झाले, आणि करंगळी वांकली ती वांकलीच. आज चाकावर त्याला गाडग्याचा कांठ धरतां येत नाहीं. तें बाधणें नव्हतें. शरीराची जंतूशीं चाललेली झुंज होती. अशा वेळीं गोळ्या न सोडतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. तेथें सूज उतरविणारें निराळें औषध देतात. नस दुबळी होऊन सहा महिने झाले नसतील, तर पुष्कळदां ती सुधारते.

तेव्हां घरोघर एवढें करा : रोज रात्रीं रोग्याचे हातपाय दिव्याजवळ घेऊन पाहा, चटका, फोड, जखम शोधा. त्याला वेगळें बसवूं नका. औषध सुरू झालें कीं लौकरच त्याच्यापासून रोग पसरणें थांबतें. मीं अर्धवट शहाणपणानें एक हात घालविला. तुम्ही दुसरा घालवूं नका.